संगणक शंका-समाधान: हार्ड डिस्कवरून एसएसडीवर

डेस्कटॉपमध्ये 1 टीबीची हार्ड डिस्क आहे, त्यातली 380 जीबी भरली आहे. 500 जीबीची साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, हार्ड डिस्कपेक्षा जलद डिस्क) आणली आहे. विंडोज, श्रीलिपी आणि नुडी हे मराठी-कन्नड टायपिंगचे प्रोग्राम, गेम, सगळं आहे तसं हलवायचं आहे. मोठ्या डिस्कमधलं लहान डिस्कवर बसेल का? मध्येच लाईट गेली तर काय? – टिळकवाडी, बेळगाव

बसेल. जुनी डिस्क किती मोठी यापेक्षा त्यात भरलंय किती, हे इथे महत्त्वाचं. 500 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण 465 जीबी दिसते, म्हणजे 380 भरल्यावर 85 मोकळी राहील. ती भरू देऊ नका. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने जुनी डिस्क तपासा. तिथे पिवळा 'कॉशन' दिसला, तर क्लोनिंगच्या (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवण्याच्या) नादी लागण्याआधी फोटो, कागदपत्रं आणि डीटीपीच्या फाइल दुसरीकडे काढून घ्या. खराब सेक्टरवर क्लोन अडकून पडतो आणि दमलेली डिस्क तेवढ्या ताणानेही बंद पडू शकते. मग बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर तात्पुरतं थांबवा आणि 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

क्लोनिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक नामांकित एसएसडी कंपन्या मोफत देतात आणि लहान डिस्कवर बसवताना पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) ते स्वतःच आखडतं. क्लोनझिला हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर मात्र नवी डिस्क निदान जुनीएवढी मोठी आहे असं धरून चालतं. ते वापरणार असाल तर आधी 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' करा. पुरेसं आखडत नसेल तर हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करा. या फाइल जागच्या हलत नाहीत, म्हणून पार्टिशन अडतं.

नुसता सी ड्राइव्ह उचलू नका. त्याच्या आधी 100 एमबीच्या आसपासचं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं. विंडोज सुरू होते ती तिथून. ते मागे राहिलं तर नवी डिस्क बूट होत नाही. आणि 'सोर्स' कोणती, 'टार्गेट' कोणती, हे आकडा बघूनच ठरवा: 931 जीबी दिसते ती जुनी, 465 ती नवी. इथे उलटापालट झाली की सगळा डेटा जातो. लाईट जाण्यापेक्षा खरी भीती हीच. लाईट गेली तर जुन्या डिस्कचं सहसा काही बिघडत नाही, कारण तिच्यातून फक्त वाचलं जात असतं. क्लोन पहिल्यापासून पुन्हा करायचा, एवढंच. तरी यूपीएस असेल तर लावाच. साटा डिस्कवरून एवढ्या डेटाला दीड-दोन तास धरा.

संपल्यावर शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. जुन्या डिस्कची केबल काढा आणि फक्त एसएसडीवर सुरू करून बघा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर पुष्कळदा जुनीच बूट होते आणि आपण नवीच समजून काम करत राहतो. जुनी डिस्क निदान आठ दिवस तशीच कपाटात ठेवा, फॉरमॅट करू नका.

फॉन्ट आणि कीबोर्ड क्लोनबरोबर येतात. विंडोजचं ॲक्टिव्हेशनही टिकतं, कारण ते मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. पण काही डीटीपी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्क ओळखून चालतं. त्यात 'डीॲक्टिव्हेट' किंवा 'सरेंडर'ची सोय असेल तर ते क्लोन करण्याआधी करा.

एनव्हीएमई (साटापेक्षा जलद प्रकारच्या) एसएसडीवर क्लोन झाला, पण निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. – निपाणी

विंडोज सुरू होते आहे, पण नव्या डिस्कचा ड्रायव्हर तिला वेळेवर मिळत नाही. बहुतेक वेळा एकदा सेफ मोडमध्ये गेलं की सुटतं. दोन-तीनदा बूट फसल्यावर रिकव्हरीचा मेनू येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग 4 दाबा. सेफ मोड उघडला की नेहमीसारखं रीस्टार्ट करा. बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंगमधलं) साटा मोड, व्हीएमडी किंवा रेड (डिस्क कशी हाताळायची ते ठरवणारे पर्याय) क्लोननंतर बदललं असेल तर ते आधी पूर्ववत करा. मशीन फार जुनं असेल तर एनव्हीएमईवरून बूट करण्याची सोयच बायोसमध्ये नसते. तिथे साटा एसएसडीच घ्यावी.

स्टीम या गेमच्या ॲपवरचे गेम 120 जीबी आहेत. इकडे नेट मोबाइलचंच. परत डाउनलोड करावे लागतील का? – खानापूर

नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'ला जाऊन नवा ड्राइव्ह जोडा, गेम निवडा आणि 'मूव्ह' करा. जुनी डिस्क दुसऱ्या मशीनची असेल, तर 'स्टीमॲप्स'मधल्या 'कॉमन'मधलं गेमचं फोल्डर आणि त्याच गेमची 'ॲपमॅनिफेस्ट'ने सुरू होणारी फाइल, दोन्ही नव्या डिस्कवरच्या तशाच जागी ठेवा. ती छोटी फाइल विसरली की स्टीमला गेम दिसतच नाही. मग 'व्हेरिफाय' करा. बिघडलेला किंवा कमी असलेला भागच उतरतो.

एपिक या गेमच्या ॲपवर गेम नव्या जागी इन्स्टॉल करायला लावून दोन-तीन टक्क्यांवर थांबवा, लाँचर बंद करा, जुनं फोल्डर त्यावर कॉपी करा आणि 'रिझ्यूम' करा. एक्सबॉक्स ॲपचे गेम हाताने कॉपी करू नका, तिथे परवानग्या आड येतात. विंडोजच्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून 'मूव्ह' करा.

सेव्ह (खेळात कुठवर पोचलात त्याची नोंद) मात्र वेगळे सांभाळा. ते पुष्कळदा गेमच्या फोल्डरमध्ये नसतात, सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्स, 'सेव्ह्ड गेम्स' किंवा लपलेल्या 'ॲपडेटा'त असतात. विंडोज नव्याने टाकणार असाल तर ही तिन्ही फोल्डर आधी बाजूला काढा. शंभर तासांचा खेळ इथेच हरवतो. आणि एक अपेक्षा आधीच ठेवू नका: एसएसडीने लोडिंग झपाट्याने होतं, फ्रेम रेट सहसा वाढत नाही, तो ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न.

मोठा गेम कॉपी करताना वेग सुरुवातीला 1500 एमबी, मग एकदम 100 च्या खाली. एसएसडी नकली आहे का? – चिकोडी

तेवढ्यावरून नाही. स्वस्त एसएसडी, विशेषतः क्यूएलसी या स्वस्त प्रकारच्या चिपवाली, आधी एका जलद राखीव भागात लिहिते. तो भरला की खरा वेग दिसतो. थोडा वेळ थांबलात तर तो भाग पुन्हा मोकळा होतो. गेम खेळताना मुख्यतः वाचन असतं, तिथे याचा त्रास फारसा जाणवत नाही. मात्र 2 टीबीची डिस्क संशयास्पद स्वस्तात मिळाली असेल, तर रिकामी असतानाच एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. नकली असेल तर लिहिलेलं परत वाचताना चुका येतात.

लॅपटॉपला एकच एम-टू खाच (एसएसडी बसवायची जागा) आहे, क्लोन कसा करू? – संकेश्वर

नवी एसएसडी यूएसबी एनक्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घालून क्लोन करा आणि मग आत बसवा. एनव्हीएमई आणि साटा एम-टू या दोन्हींची एनक्लोजर पुष्कळदा वेगळी असतात, विकत घेताना विचारा. आत बसवताना बॅटरीची केबल आधी काढा, एसएसडी साधारण 30 अंशांत तिरपी सरकवा आणि स्क्रू हलक्या हाताने पिळा. नव्या खोक्यात हा स्क्रू पुष्कळदा नसतो, म्हणून जुन्या डिस्कचा जपून ठेवा.