अप्रेजलच्या शेवटच्या रकान्यातलं ते वाक्य

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका वडिलांनी लिहिलं आहे: "मी वीज मंडळातून निवृत्त झालो. मुलगा 29 वर्षांचा, बी.फार्म., एका औषध कंपनीत पाच वर्षं एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं खपवणारा प्रतिनिधी, आहे. यंदा अप्रेजलमध्ये त्याला 5 पैकी 3 रेटिंग आणि 8 टक्के वाढ मिळाली. बरोबरच्या मुलाला 4 आणि 10 टक्के. 'पुढे कोणती जबाबदारी हवी' या रकान्यात यानं चक्क 'सध्याच्याच कामात राहायला आवडेल' असं लिहिलंय. लॅपटॉप उघडा होता म्हणून दिसलं. पुण्याच्या चुलतभावाला दोन प्रमोशनं झाली. सेल्समध्ये अप्रेजलचा पगारवाढीवर, बढतीवर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर त्याच्या मॅनेजरांना मी एकदा भेटून येऊ का? आपल्यातलेच आहेत. की याला एमपीपीएससीला, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला, बसवू? सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीही काळजीत असते."

सप्रेम नमस्कार,

मॅनेजरांना भेटायला जाऊ नका. पेढे घेऊन नको, ओळख काढून नको, गणपतीच्या आरतीला सहज गाठ पडली असं दाखवूनही नको. 29 वर्षांच्या माणसाचे वडील रदबदलीला आले ही गोष्ट टीममध्ये दोन दिवसांत पसरते. पुढे बढतीसाठी त्याचं नाव निघेल तेव्हा आधी तीच आठवेल.

पत्र वाचताना मी अडलो तो मात्र 'लॅपटॉप उघडा होता' या शब्दांशी. तो रकाना फॉर्मच्या अगदी शेवटी असतो. तिथवर पोचायला पानं खाली सरकवत जावं लागतं. काळजीपोटी वाचलंत, हे मला समजतं. पण मिळवत्या मुलाची कागदपत्रं त्याच्या पाठीमागे वाचायची, त्याची चुलतभावाशी तुलना करायची आणि त्याला न सांगता मला पत्र लिहायचं, हे सगळं पाहून मला त्याच्या रेटिंगपेक्षा तुमच्या घरातल्या अबोल्याची जास्त चिंता वाटते. पत्रात मुलाच्या तोंडचं एकही वाक्य नाही. तुम्ही त्याला विचारलंच नाही, की विचारण्यासारखं वातावरण राहिलेलं नाही?

तुमच्या मनात अजून मंडळातला सीआर, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल, आहे. तिथं त्यातला शेरा माणसाच्या पाठीमागे वर्षानुवर्षं चालायचा, डीपीसी, म्हणजे बढती ठरवणारी समिती, बसली की जुने अहवाल काढून नावं ठरायची. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सांगितलं, ते त्या शेऱ्यावर बढत्या अडायच्या म्हणूनच. खासगी कंपनीच्या विक्री विभागात गोष्ट उलटी आहे. इथं माणसाचा आकडा दर महिन्याला सगळ्यांसमोर असतो. वर्षअखेरीचा फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा मॅनेजरचं मत बनून गेलेलं असतं, फॉर्मवर ते फक्त उतरतं. शिवाय वाढीची एकूण रक्कम मुख्यालयातून ठरून येते, आणि पुष्कळ कंपन्यांत किती जणांना 4 द्यायचे, किती जणांना 5, याचंही प्रमाण बांधून दिलेलं असतं. सहांच्या टीममध्ये चौघं चांगले असले तरी वरचं रेटिंग एकदोघांच्याच वाट्याला येतं. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत 2013 मध्ये मोडीत काढली, पण बऱ्याच ठिकाणी ती अजून चालू आहे.

आकडासुद्धा किती फसवा असतो ते सांगतो. मी स्वतः अकरा वर्षं या धंद्यात होतो. एका मार्चअखेरीस साहेबांनी मला दवा बाजारातल्या एका स्टॉकिस्टच्या, म्हणजे दुकानांना माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याच्या, काउंटरवर बसवलं आणि महिन्याला साठ पेट्या खपणाऱ्या सिरपच्या दोनशे पेट्यांचं बिल त्याच्या नावावर फाडलं. पेट्या ठेवायला जागा नव्हती, जिन्याच्या पायऱ्यांवर थप्प्या लागल्या. 31 तारखेला माझं टार्गेट 104 टक्के झालं, अप्रेजलमध्ये 'उत्कृष्ट' आलं. जूनमध्ये निम्म्या पेट्या परत आल्या, त्या पुढच्या वर्षाच्या आकड्यातून वजा झाल्या आणि मी 'सुधारणा आवश्यक' ठरलो. माझे डॉक्टर तेच होते, त्यांच्या रोजच्या भेटीही तेवढ्याच होत्या. त्या 'सुधारणा आवश्यक'मुळे मी कित्येक रात्री झोपलो नव्हतो. म्हणून तुमच्या मुलाच्या 3 वरून त्याची किंमत करू नका, असं कळकळीनं सांगतो.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: पगारवाढीवर परिणाम होतो, पण थोडा. 30 हजार पगार धरला तर 8 टक्के म्हणजे 2,400 आणि 10 टक्के म्हणजे 3,000. फरक महिना 600 रुपयांचा. एका तिमाहीचा इन्सेन्टिव्ह हुकला तर याहून जास्त जाऊ शकतात. सलग दोन वर्षं तळाचं रेटिंग आलं तर नोकरीवर बेतू शकतं, पण 3 म्हणजे तळ नव्हे. बढतीचं म्हणाल तर आधी जागा रिकामी व्हावी लागते. पाच-सहा एमआरमागे एक एरिया मॅनेजर, आणि जागा निघेल ती सतना, रीवा, जबलपूर, कुठंही. महिन्यातले निम्मे दिवस फिरती.

आता त्या वाक्याकडे पुन्हा बघा. 'सध्याच्याच कामात राहायला आवडेल.' तुम्हाला त्यात आळस दिसला. आणि आईच्या ऑपरेशनचं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत. बढती म्हणजे इंदूर सोडणं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्यानं हेच मनात धरून लिहिलं असेल असं मी म्हणत नाही, पण तुम्ही त्याला विचारायला हवं. कदाचित त्याला माणसं सांभाळण्यापेक्षा विकणंच आवडत असेल, आणि त्यातही कमीपणा नाही. शंभरावर अमेरिकन कंपन्यांतल्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त विकणाऱ्यालाच मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल दिसला, आणि असे लोक मॅनेजर म्हणून तुलनेनं कमी पडताना दिसले. स्वतःला ओळखून 'नको' लिहायला धैर्य लागतं.

एमपीपीएससीला वयाची अडचण नाही, पण त्यानं स्वतः नाव काढेपर्यंत तो विषय बंद. फॉर्म वाचल्याचं आज रात्री जेवताना त्याला सांगा, आणि चुलतभावाचं नाव निदान वर्षभर घरात काढू नका.

हे उत्तर तुम्ही त्याला वाचायला द्याल असं धरून पुढचं त्याच्यासाठी लिहितो. बाळा, स्वतःची एक वही ठेव. दर महिन्याला स्टॉकिस्टकडचा क्लोजिंग स्टॉक (महिनाअखेरीस उरलेला माल), दुकानांत खरोखर गेलेला माल, परत आलेल्या पेट्या, आणि आपलं औषध नव्यानं लिहायला लागलेले डॉक्टर, एवढं त्यात असू दे. ऑक्टोबरमध्ये सहामाही संपली की ती वही घेऊन साहेबांसमोर बस आणि 4 साठी काय कमी पडतंय ते विचार. मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो. बोलणं झालं की दोन ओळींचा मेल टाक, म्हणजे नोंद राहील. इंदूर सोडायचं नसेल तर मोठ्या हॉस्पिटलांचा व्यवसाय बघणारी किंवा नव्या एमआरना शिकवणारी जागा तुमच्याकडे आहे का, याची चौकशी कर. आणि पुढच्या वर्षी तो रकाना भरशील तेव्हा कारणही लिही. नुसतं 'इथंच राहायचंय' वाचून साहेबही तुझ्या बाबांसारखाच अर्थ काढतील.