बीट तुमचाच आहे, हे कळतं कशावरून?

हिप हॉप बीट बनवणाऱ्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यातले पाच इथे घेतले आहेत. पहिले दोन बहुतेक पत्रांत या ना त्या रूपात होतेच, म्हणून त्यांना जागा जास्त दिली आहे.

90 बीपीएमचा (मिनिटाला 90 ठोक्यांचा) बूम-बॅप, म्हणजे जुन्या धर्तीचा हिप हॉप बीट बनवतो. ड्रम किट चांगलं आहे, सॅम्पलही (उचललेले आवाजाचे तुकडे) बरे आहेत. तरी मित्र म्हणतो, "तुना बीट कोनाबीना वाटस." (तुझा बीट कुणाचाही वाटतो.) नेमकं काय बदलू? (धुळे)

किट बदलून हे सुटणार नाही. तेच किट हजारो जणांकडे आहे. आधी ठोका कुठे पडतो ते बघा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक ठोका ग्रिडच्या, म्हणजे वेळेच्या समान भागांच्या, रेघेवर चिकटलेला असणार. सॉफ्टवेअर हे काम सगळ्यांसाठी सारखंच करतं, म्हणून सगळ्यांचे बीट सारखे वाजतात.

रॉजर लिननं आकाईसाठी घडवलेली एमपीसी 60 ही बीट बनवायची मशीन 1988 साली आली. तिच्यातला स्विंग 50 ते 75 टक्क्यांपर्यंत फिरतो. 50 म्हणजे सरळ चाल, 66च्या आसपास दादऱ्यासारखी तिनाची झुलती चाल. हे टक्के म्हणजे दोन सोळांशांच्या (चार मात्रांच्या आवर्तनाच्या सोळाव्या भागांच्या) जोडीत दुसरा ठोका कुठे पडतो त्याचं माप. 90 बीपीएमला ही जोडी 333 मिलिसेकंदांची असते. 54 टक्क्यांना दुसरा ठोका 13 मिलिसेकंद उशिरा पडतो, 58 टक्क्यांना 27. आकडे क्षुल्लक दिसतात, पण मान डोलते ती याच फरकानं.

आता महत्त्वाची गोष्ट. स्विंग सगळ्या वाद्यांना सारखा लावू नका. सारखा लावला की अख्खा बीट एकाच अंगानं झुलतो आणि झोपाळू वाटतो. डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला मोठा ठरला तो इथेच. त्याचे बरेच बीट नीट ऐकले तर हाय-हॅटची (झांजेची) चाल वेगळी, किक (खालचा जाड ठोका) सैल आणि स्नेअर (वरचा कडक ठोका) अपेक्षेपेक्षा किंचित आधी येतो. एकाच बीटमध्ये दोन-तीन घड्याळं चाललेली असतात. त्याची एमपीसी 3000 आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवली आहे, आणि तो मान तिला मिळायलाच हवा होता.

करून बघा: हॅटला 56 टक्के स्विंग. दोन आणि चारचा स्नेअर 8 ते 12 मिलिसेकंद पुढे ओढा, म्हणजे रेघेच्या डावीकडे. एकची किक मात्र रेघेवरच ठेवा, कारण ऐकणाऱ्याला पाय टेकायला एक जागा लागते. मधल्या किक माऊसनं न मांडता पॅडवर हातानं वाजवा, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) 127 पैकी 45 ते 60 ठेवा आणि क्वांटाइझ (ठोका आपोआप रेघेवर ओढणं) बंद ठेवा. ठोका 30 मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की तो चाल वाटत नाही, चूक वाटते. आणखी एक फसगत नेहमी होते: किक मागे सरकवली, पण खालचा बेस रेघेवरच राहिला. मग एका ठोक्याचे दोन ऐकू येतात, 'धप'च्या जागी 'ध-डप'. किक हलवली की तिच्याबरोबरचा बेसही हलवा.

एकदा जमलेली मापं लिहून ठेवा आणि पुढचे दहा बीट त्याच मापांवर करा. ओळख तयार होते ती तीच तीच निवड पुन्हा पुन्हा केल्यानं.

होळीला सातपुड्यातला ढोल मोबाइलवर रेकॉर्ड केला. बीटमध्ये टाकला तर नुसता खरखरतो. आपल्याकडचे आवाज वापरायचेत, पण जमत नाही. (शहादा)

खरखर रेकॉर्डिंगमध्येच झाली आहे, नंतर कुठल्याही प्लगइननं (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टनं) ती निघणार नाही. ढोलाच्या समोर उभं राहिलं की मोबाइलचा माइक पहिल्याच ठोक्याला भरतो. त्यावर साधं व्हॉइस रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेलं असल्यामुळे आवाज आपोआप वर-खाली करतं आणि ढोलाची घुमणारी शेपटी गोंगाट समजून कापतं. लेव्हल हातानं ठरवता येईल असं अॅप घ्या, डब्ल्यूएव्ही 48 किलोहर्ट्झ ठेवा, कातड्यासमोरून बाजूला होऊन आठ-दहा फूट मागे या आणि सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मिरवणुकीतला ढोल सुटा मिळत नाही. वाजवणाऱ्याला विचारून नंतर एकेक ठोका वेगळा घ्या: हळू, मध्यम, जोरात, प्रत्येकी चार. चारही आलटून पालटून वाजवले की मशीनगनसारखा एकसुरीपणा जातो.

ढोलापर्यंत जायचीही गरज नाही. हिवाळ्यात घरोघरी भरीत ठेचतात, त्या लाकडी भांड्यात मुसळ पडतो तो आवाज ऐका. आधी लाकडाचा कोरडा 'टक', लगेच खाली भाजलेल्या वांग्याचा मऊ 'धब'. या एकाच ठोक्यात किकचं टोक आणि पोट दोन्ही आहे. मोबाइल भांड्यापासून दीड-दोन फुटांवर ठेवा, पंखा-कूलर बंद करा. मग 'टक' जिथे सुरू होतो तिथेच कापा. त्याच्या आधी 5 मिलिसेकंद शांतता राहिली तरी किक उशिरा वाजेल. शेवटाला 10 मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर 'टिच' असा आवाज येतो. चार सेमीटोन (अर्धे सूर) खाली उतरवा, 35 हर्ट्झच्या खालचं काढून टाका. पोट कमी वाटलं तर खाली 50-55 हर्ट्झची साधी साइन लहर 150 मिलिसेकंद जोडा.

त्याला जुन्या मशीनचा खरबरीतपणा हवा असेल तर तो कुठून आला ते लक्षात घ्या. 1987च्या ई-म्यू एसपी-1200 या सॅम्पलिंग मशीनमध्ये 12 बिट, 26.04 किलोहर्ट्झ आणि सॅम्पलिंगला एकूण 10 सेकंद एवढीच सोय होती. जागा वाचवायला लोक मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45वर वाजवून घेत आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवत. त्या उतरवण्यात आवाज फाटायचा, तोच पुढे हवाहवासा झाला. तुम्हीही सॅम्पल 5 सेमीटोन चढवा, बिटक्रशरमधून (आवाज मुद्दाम खरबरीत करणाऱ्या इफेक्टमधून) 12 बिट आणि 26 किलोहर्ट्झवर काढून नव्यानं रेकॉर्ड करा आणि मग 5 सेमीटोन उतरवा. नुसता बिटक्रशर लावून हे होत नाही, क्रम महत्त्वाचा.

पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) घेणार असाल तर तिचे सूर कीबोर्डच्या पट्टीत बसतीलच असं नाही. पावरीला ऑटोट्यून लावू नका, तिचा जीवच जातो. ट्यूनरवर तिचा मुख्य सूर बघा आणि बेस व इतर वाद्यं तेवढे सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) वर-खाली करा.

हेडफोनवर 808 (खोल, लांबणारा बेसचा ठोका) घरं हलवतो, मोबाइलवर गायब. (अमळनेर)

मोबाइलचा स्पीकर 200 हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही आणि तुमचा 808 असेल 40 ते 55 हर्ट्झवर. आवाज वाढवून उपयोग नाही. सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) लावा, म्हणजे 55च्या वर 110, 165, 220 असे आवाज तयार होतात आणि त्यांवरून कान खालचा सूर ओळखतो. 808ची एक प्रत काढा, तिलाच आधी सॅच्युरेशन द्या, मग तिचं 150च्या खालचं कापा आणि मूळ स्वच्छ ठेवा.

तुम्ही लिहिलं आहे की गाणं जी पट्टीत आहे आणि बेस आपोआप 'व्वं-व्वं' करतो. खालचा जी 49 हर्ट्झचा. आपल्या विजेची घरघर 50 हर्ट्झची. रेकॉर्ड केलेल्या एखाद्या ट्रॅकमध्ये ही घरघर शिरली असेल तर दोघं मिळून सेकंदाला एकदा झुलतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आधीच्या ट्रॅकवर 50, 100 आणि 150 हर्ट्झला अरुंद कट द्या.

जुन्या अहिराणी कॅसेटमधले दहा सेकंद घेतले तर चालतं का? (जळगाव)

परवानगीशिवाय नाही. 'इतके सेकंद चालतात' असा नियम कायद्यात नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, शिवाय गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे. कानबाई देवीचं पारंपरिक गाणं कुणा एकाचं नाही, पण कॅसेटवरचं त्याचं रेकॉर्डिंग कुणाचं तरी आहे. गावातल्या बायांकडून तेच गाणं नव्यानं गाऊन घ्या, त्यांना मानधन द्या, कागदावर संमती घ्या. आवाजही जास्त चांगला मिळेल.

माझ्या बीटवर मित्र अहिराणीत रॅप करतो. शब्द हॅटमध्ये बुडतात. (नंदुरबार)

करस, जास, म्हनस, येस. अहिराणीत क्रियापदाच्या शेवटी 'स' येतो आणि रॅपमध्ये तोच बहुधा यमकाच्या जागी असतो. 'स'ची धार साधारण 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये, तुमची हॅटही तिथेच. बरेच जण अशा वेळी आवाजावर डी-एसर ('स'ची धार कमी करणारा इफेक्ट) जोरात लावतात. मग 'करस'चं 'करथ' होतं. डी-एसर 3-4 डेसिबलवर थांबवा आणि जागा हॅटकडून घ्या: 6-7 किलोहर्ट्झला 3 डेसिबल कमी करा, हॅट 20 टक्के एका बाजूला सरकवा. ओळीच्या शेवटच्या सोळांशावरची हॅट तर उडवूनच टाका. तिथे 'स' स्वतःच हॅटचं काम करतो.