बागेतली बांधकामं: तारखांआधी जमीन ठरवा

मोठ्या सार्वजनिक बागांमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच निवडले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

प्रश्न : आमच्या बागेत तळ्यातला गाळ काढणं, पावसाळी पाण्याची नवी वाहिनी आणि मुख्य पायवाटेचं नूतनीकरण अशी तीन कामं निघाली आहेत. तिन्हींचे ठेकेदार वेगळे. दर आठवड्याला बैठक होते, तरी कोणी ना कोणी दुसऱ्याच्या आड येतंच. चुकतंय कुठे? (उद्यान विभागातले अभियंता)

बैठकीत तुम्ही बहुधा तारखा जुळवत असाल. बागेत त्याआधी जमीन जुळवावी लागते. ठेकेदाराच्या नकाशावर फक्त त्याचं काम दिसतं: इतके मीटर पाइप, इतके चौरस मीटर फरसबंदी. पाइप कुठे उतरणार, डंपर कुठे वळणार, चरातून निघालेली माती कुठे पडणार, मजुरांची शेड कुठे, हे त्यावर नसतं. भांडणं नेमकी याच जागांवरून होतात.

म्हणून बागेचा एकच मोठा नकाशा घ्या आणि प्रत्येक कामाने प्रत्यक्षात व्यापलेली सगळी जागा त्यावर रंगवा. दर पंधरवड्याला नवा नकाशा. एका तुकड्यावर एका वेळी एकच ठेकेदार. तुकडा ताब्यात देताना आणि परत घेताना दोघांच्या समक्ष फोटो आणि सह्या. हे किचकट वाटेल, पण ‘हा खड्डा आमचा नाही’ हा वाद यामुळेच संपतो.

आता क्रम. जड आणि खोल काम आधी, हलकं आणि वरवरचं शेवटी. गाळ ओला आणि वजनदार असतो, वाहून नेण्याआधी तो निथळावा लागतो आणि त्यासाठी मोठी जागा अडते. त्यामुळे सुरुवात तिथून करा. तुमच्या वाहिनीचं पाणी तळ्यातच जाणार असेल, तर तळं उपसलेलं असतानाच वाहिनीचं तोंड बांधून घ्या. हे दोन वेगळ्या निविदांमधलं काम आहे, म्हणूनच ते हमखास सुटतं आणि नंतर तेवढ्यासाठी तळं पुन्हा उपसावं लागतं. तळं रिकामं असताना जोराचा पाऊस आला, तर बागेतलं पाणी कुठून वाहील, याचाही बंदोबस्त आधी ठरवा.

पायवाट शेवटी. तोवर तिची जुनी, तशीही उखडायची असलेली फरसबंदी वाहतुकीचा रस्ता म्हणून वापरा. सहा घनमीटर काँक्रीटचंच वजन 14 टनांच्या वर जातं, त्यात मिक्सर गाडीचं वजन वेगळं. एवढा भार हिरवळीवरून नेण्यापेक्षा मोडायच्या वाटेवरून नेलेला बरा. फक्त खालची मोरी आणि जुन्या पाइपलाइनी तो पेलतील का, हे आधी तपासा.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा 1858 मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी मांडला, तेव्हा शहराची आडवी वाहतूक नेणारे चार रस्ते त्यांनी बागेच्या पातळीखालून नेले. चालणारा माणूस आणि धावती गाडी यांची गाठच पडू नये, हा विचार होता. तात्पुरत्या रस्त्याला खाली नेणं शक्य नाही, पण विचार तोच ठेवता येतो: गाड्यांना एकच दरवाजा, एकच वाट आणि लोक कमी असतात तेवढ्याच वेळा.

आणि एक व्यक्ती नेमा, जिच्या सहीशिवाय तो दरवाजा उघडत नाही. काम थांबवण्याचा अधिकार नसलेला समन्वयक केवळ निरोप पोचवत राहतो.

प्रश्न : ठेकेदाराने जुन्या झाडांच्या बुंध्यांना गोणपाट आणि फळ्या बांधल्या आहेत. मात्र त्याच झाडांखाली खडी-वाळूचे ढीग टाकले आहेत. झाडांना धक्काही लागलेला नाही, असं तो म्हणतो. एवढं पुरेसं आहे का? (बागेत रोज फिरायला येणाऱ्या वाचक)

नाही. फळ्यांनी साल वाचते, झाड वाचत नाही. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या साधारण 60 सेंटिमीटरमध्ये असतात आणि पाणी शोषणारी बारीक मुळं त्याहूनही वर. ती फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ढिगाखाली माती दाबली जाते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि मुळं गुदमरतात. ओल्या मातीवर जड गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतांश नुकसान होऊन जातं. त्यामुळे ‘एवढी एकच फेरी जाऊ द्या’ ही मागणी वाटते तितकी साधी नसते.

झाड लगेच वाळत नाही, हे या बाबतीतलं सगळ्यात वाईट. आधी पानं लहान होतात, शेंडा विरळ होतो, वरच्या फांद्या सुकतात. कधी याला काही वर्षं लागतात. तोवर बिलं चुकती झालेली असतात, हमीची मुदत संपलेली असते आणि झाड ‘म्हातारं होऊन गेलं’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

किती जागा राखायची, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. ब्रिटनमधलं बीएस 5837 हे मानक सांगतं, की बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ राखावं. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळा. घेर 190 सेंटिमीटर आला, तर व्यास साधारण 60 सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या 7.2 मीटर. एवढं वर्तुळ चुन्याने आखून पाहा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते अवाजवी मोठं वाटतं.

या वर्तुळावर पक्कं कुंपण हवं आणि ते पहिलं यंत्र आत येण्याआधी हवं. लाल-पांढरी फीत कोणी जुमानत नाही. गाडी नेण्याला पर्यायच नसेल, तर जमिनीवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं मजबूत कृत्रिम कापड), त्यावर लाकडाच्या चिपांचा जाड थर आणि वर लोखंडी प्लेटा. वर्तुळाच्या आत खोदायचं झालं तर हातानेच, आणि 25 मिलिमीटर किंवा त्याहून जाड मूळ वृक्षतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कापायचं नाही. पाइप न्यायचाच असेल, तर चर न खणता आडव्या ड्रिलिंगने मुळांच्या खालून नेता येतो. सिमेंट धुतलेलं पाणीही झाडापाशी सांडू देऊ नका. ते अतिशय अल्कधर्मी असतं, म्हणून मिक्सर धुण्यासाठी प्लास्टिक अंथरलेला वेगळा खड्डा हवा.

तुम्ही आज एवढं करा: ढिगाचा फोटो शेजारी टेप धरून काढा आणि झाडांच्या संरक्षणाचा नकाशा दाखवा, अशी लेखी मागणी करा. ढीग हलवताना शेवटचा थर जेसीबीने ओरबाडू नये, फावड्याने उचलावा, हेही त्यात लिहा.

प्रश्न : नवी पायवाट झाली आणि काही महिन्यांतच दिव्यांच्या केबलसाठी ती खोदली. हे टाळता येत नाही का? (एक ज्येष्ठ वाचक)

येतं, आणि ते स्वस्तात टाळता येतं. वाट उखडलेली असतानाच तिच्याखालून ठरावीक अंतरावर रिकामे आडवे पाइप टाकून ठेवायचे, त्यांची तोंडं बंद करायची आणि जागा नकाशावर नोंदवायची. पुढे केबल असो की ठिबकची नळी, ती त्यातून ओढली की झालं. हे पाइप कुठल्याच विभागाच्या अंदाजपत्रकात नसतात, कारण आज त्यांची गरज कोणालाच नसते. म्हणून ते वाटेच्या निविदेतच घालावेत. केलेल्या कामाचे मोजमापासह नकाशे दिल्याशिवाय अंतिम बिल निघू नये. असे नकाशे नसलेल्या बागेत पुढच्या कामाच्या वेळी मागचे पाढे पंचावन्न.

प्रश्न : माझे वडील चाकाच्या खुर्चीवरून बागेत येतात. काम सुरू झाल्यापासून अर्धी वाट बंद आहे, आणि पर्यायी वाट पायऱ्यांवरून जाते. काम लवकर उरकण्यासाठी पूर्ण बागच बंद ठेवावी, असंही काहींचं म्हणणं आहे.

पूर्ण बाग बंद ठेवण्याच्या मी सहसा विरोधात आहे. घराजवळ दुसरी मोकळी जागा नसलेल्यांचं त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. मोठी बाग टप्प्याटप्प्याने बंद करता येते, अट एकच: प्रत्येक टप्प्यात एक तरी फेरी पूर्ण होणारी वाट खुली राहिली पाहिजे, आणि तिच्यावर बसायची जागा व स्वच्छतागृह हवं.

तुमच्या वडिलांची वाट म्हणजे पर्यायी वाटेची खरी परीक्षा. पायऱ्यांची वाट हा त्यांच्यासाठी पर्यायच नाही. रुंदी दीड मीटरच्या आसपास, उतार 1:12 पेक्षा तीव्र नको, पृष्ठभाग घट्ट. ‘वाट बंद’ ही पाटी वाट जिथे बंद होते तिथे न लावता आधीच्या फाट्यावर लावायची, म्हणजे अर्धं अंतर जाऊन परत फिरावं लागत नाही. तक्रारीत हे चारही मुद्दे लिहा. ‘गैरसोय होते’ यापेक्षा ‘उतार जास्त आहे, मोजा’ हे वाक्य अधिक काम करतं.

प्रश्न : ठेकेदाराने साहित्य हलवलं, वर चांगली माती पसरून लॉन लावलं. पहिल्या पावसात पाणी साचलं आणि गवत पिवळं पडलं. पुन्हा लॉन लावायचं का? (बागेच्या देखभालीचे पर्यवेक्षक)

आत्ता लावू नका, तेच पुन्हा होईल. दोष वरच्या मातीत नाही, खाली दाबल्या गेलेल्या थरात आहे. एक बोटभर जाडीची लोखंडी सळई घ्या आणि माती ओलसर असताना हाताने खुपसा. कामाबाहेरच्या जुन्या हिरवळीत ती सहज आत जाईल. साहित्याच्या जागी चार-सहा इंचांवर अडली, तर उत्तर मिळालं. शेजारी फूटभर खोल खड्डा करून पाणी भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. तेव्हाही पाणी तसंच असेल, तर खालचा थर बंद आहे.

वरची माती बाजूला काढा, माती कोरडी असताना खालचा थर 30 ते 45 सेंटिमीटर खोल फोडा, त्यात कंपोस्ट मिसळा आणि मग माती परत पसरा. मात्र झाडांच्या मुळांच्या वर्तुळात ही फोड करू नका. तिथे हवेच्या दाबाने माती सैल करणारं उपकरण वापरा, नाहीतर नुसतं पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि वेळ द्या.

खर्च कोणी करायचा, हे हमीची मुदत शिल्लक आहे का, यावर ठरेल. सळईची चाचणी ठेकेदाराच्या माणसासमोर करा, जुन्या हिरवळीत आणि त्याच्या जागेत, दोन्हीकडे. खोली मोजून कागदावर त्याची सही घ्या, आणि नवीन लॉनची हमी लावल्याच्या दिवसापासून न धरता पहिला पूर्ण पावसाळा संपल्यावर मोजायची, असं पुढच्या करारात लिहून घ्या.