एरिओफँटा गोगलगाय ओळखायची तर आधी तिला चालू दे

काल तू पुण्याच्या वेताळ टेकडीवरून आणलेला रिकामा शंख पाहिला. नावाची घाई करू नकोस. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धर. तोंड डाव्या हाताला आलं, तर शंख डावखुरा. आपल्याकडच्या बहुतेक गोगलगायी उजव्या, म्हणून एरिओफँटा लेविपेस हाती आली की आनंद होतो. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्युलरने 1774 साली तिचं वर्णन केलं, तेव्हा तिला हेलिक्स या वंशात घातलं होतं. त्या काळी शंखावरूनच वर्गवारी व्हायची, आणि तिथेच गोंधळ झाले.

म्हणून जिवंत गोगलगाय काचेवर सोड आणि खालून बघ. तळपायावर दोन लांब रेषा दिसतील, त्यांनी पायाचे तीन पट्टे होतात. मग शेपटी भिंगाखाली घे: टोकाला चिकटा सोडणारं छिद्र, त्यावर शिंगासारखा छोटा उंचवटा. शंखाच्या कडेवर प्रावरणाच्या, म्हणजे शंख घडवणाऱ्या मांसल पडद्याच्या, पाळ्या पसरतात, त्याही टिपून ठेव. इतकं जमलं की एरिओफँटिडी कुळापर्यंत आलासच.

प्रजाती ठरवायला मात्र जननसंस्था उघडावी लागते. ही जनावरं उभयलिंगी. त्यांच्या बाणाच्या (समागमावेळी जोडीदाराला टोचायच्या काट्याच्या) पिशवीचा आणि शिश्नाचा आकार शंखापेक्षा जास्त खरं सांगतो. परवानगीने घेतलेला नमुना उकळून गार केलेल्या पाण्यात, बरणी काठोकाठ भरून ठेव, म्हणजे अंग पसरलेलं राहतं. मग 70 टक्के अल्कोहोल. थेट अल्कोहोलात टाकलास तर अंग आक्रसतं आणि तासाभराचं विच्छेदन वाया जातं, मी तसे कितीतरी नमुने घालवलेत.

बागेतली मोठी तपकिरी आफ्रिकन गोगलगाय मात्र उघड्या हाताने उचलू नकोस. तिच्यात मेंदूला बाधणारी कृमी असू शकते.