बगीराच्या हनुवटीखालचा वण

प्रिय,

अनेक आशीर्वाद. कादंबरीवरून बेतलेली तुझ्या अ‍ॅनिमेशनपटाची पटकथा दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कादंबरीतला एकही प्रसंग तू गाळलेला नाहीस, आणि तिथंच घोडं पेंड खातंय. १४० पानं म्हणजे दोन तासांच्या वर सिनेमा. अ‍ॅनिमेशनमध्ये त्यातला सेकंद न् सेकंद कुणाला तरी घडवावा लागतो. शिवाय पाच वर्षांच्या पोराला दीड तासात एकदा तरी शू लागतेच.

१९६७ चा डिस्नेचा ‘जंगल बुक’ ७८ मिनिटांचा आहे. स्टुडिओतले कथालेखक बिल पीट यांनी त्याची आधी जी मांडणी केली होती, ती मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगच्या वळणाची, गंभीर आणि काळोखी होती. वॉल्ट डिस्नेंना ती रुचली नाही. खटके उडाले आणि १९६४ च्या सुरुवातीला पीट स्टुडिओ सोडून गेले. मग दुसरे कथालेखक लॅरी क्लेमन्स यांच्या हातात पुस्तक ठेवून डिस्नेंनी बजावलं, पहिलं काम म्हणजे हे वाचायचं नाही! (हुरळून जाऊ नकोस. ते पुस्तक कोळून प्यालेला माणूस तिथं आधीच वर्षभर राबून गेला होता. तू मात्र कादंबरी अजून चारदा वाच.)

मग उरलं काय? मोगलीला माणसांच्या वस्तीत पोचवायचंय आणि पोराला जायचं नाही, एवढंच. बगीरा, म्हणजे काळा बिबळ्या, त्याला ओढत नेतो, भालू अस्वल लाडावून ठेवतो. किपलिंगचा भालू म्हणजे छडीवाला पंतोजी. मोगली जंगलाचा कायदा घोकताना चुकला की फटका देणारा. सिनेमातला भालू ऐतखाऊ, आणि त्याचं कामही आधी छोटंसंच होतं. गायक-नट फिल हॅरिस यांचा आवाज मिळाला आणि भूमिका वाढत गेली. आवाजाचं हे बळ आपणही अनुभवलंय. दूरदर्शनवर जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतला मोगली हिंदीत आला तेव्हा शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता. चित्रं आधीच तयार, आवाज वरून चढवलेला, तरी तो वाघ नानांचाच झाला. तुझ्या अस्वलाला अजून कुणाचाच आवाज नाही. तू त्याला नुसते संवाद दिलेत.

पण डिस्नेंचं सगळंच मला पटतं असं नाही. पुस्तकातला ‘का’ नावाचा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवतो. सिनेमात तोच त्याला गिळायला टपलेला, कारण साप म्हटला की तो वाईटच असणार! आणि वानरांचा तो राजा? किपलिंगच्या माकडांना राजाच नाही, तीच त्यांची नामुष्की. वर तो ओरांगउटान, जो भारताच्या रानात नसतोच. धमाल गाण्यामुळे हे सगळं खपून गेलं. तुझ्याकडे तसं गाणं असेल तर बोल.

मला सगळ्यात हळहळ वाटते ती एका छोट्या गोष्टीची. पुस्तकात बगीरा मोगलीला म्हणतो, माझ्या हनुवटीखाली हात लावून बघ. मोगली चाचपतो. रेशमी केसांत एवढीशी जागा मोकळी लागते. तो गळपट्ट्याचा वण. बगीरा उदयपूरच्या राजवाड्यात, पिंजऱ्यात जन्मला. माणूस म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तर पोराला माणसांत धाडायला तोच निघतो. एक हात, एक मान, बस. लिहिणाऱ्याला त्यासाठी परिच्छेद लागला, आपल्याला चार सेकंद पुरले असते. सिनेमात तो वण नाही, आणि बगीरा नुसताच कटकट्या काका होऊन बसतो.

म्हणून काय गाळायचं हे ठरवण्याआधी असे वण शोध. मग बाकीच्या प्रसंगांवर काट मारताना हात थरथरत नाही. मी माझ्या पहिल्या कामात उलट केलं होतं. पाठलाग ठेवले, मारामाऱ्या ठेवल्या, आणि नायिकेला पाण्याची भीती का वाटते तोच प्रसंग वेळेअभावी उडवला. पाहायला आलेली पोरं शेवटच्या पुराच्या वेळी मजेत चिप्स खात होती.

रान बघायला जायचं म्हणतोस, तर जरूर जा. किपलिंग मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेले, पण मोगलीच्या गोष्टी लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. तरी वैनगंगा लिहिली. तीच नदी पुढे आमच्या भंडाऱ्यावरून वाहते. उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्या काठाला उभा राहा आणि पाण्यातून उठणाऱ्या म्हशी बघ. आधी शिंगं वळतात, मग मान, धड सगळ्यात शेवटी. पुस्तकात शेरखान घळीत अशाच म्हशींखाली तुडवला जातो. सिनेमात शेपटीला जळती फांदी बांधून त्याला पळवून लावलंय. लहानांसाठी ते ठीकच आहे, पण म्हशी गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वेळी पटकथा पाठवू नकोस. भिंतीवर चित्रं टाचून त्यांचा फोटो पाठव, संवादाचा एक शब्द नको. तुझ्या पान ८७ वर म्हाताऱ्या हत्तिणीचा फाटका कान एका ओळीत येऊन जातो. पोरगा तो कान धरून झोपतो, असं तूच लिहिलंयस. पहिलं चित्र त्याचं काढ.

तुझी,
ताई