आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरलाय आणि डॉक्टर केमोऐवजी गोळ्या देताहेत. हे बरोबर आहे का?

आईंचं वय ५८, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही), डाग फक्त मणक्यात आणि खुब्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी ११ वर्षं केमोच्या डे-केअरला सिस्टर आहे. औषध ठरवणं माझं काम नाही, पण डॉक्टरांनी हात टेकलेत असं मुळीच समजू नका. या प्रकारात सुरुवात गोळ्यांनीच करतात.

‘केमो म्हणजे खरी ट्रीटमेंट’ हे मी रोज ऐकते. राईट चॉइस नावाच्या चाचणीत पाळी न गेलेल्या, आजार जोरात असलेल्या २२२ बायका होत्या. केमोवर आजार साधारण वर्षभर आटोक्यात राहिला, हार्मोन रोखणारी औषधं आणि रायबोसिक्लिब या कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या गोळीवर जवळपास दोन वर्षं. आपल्याकडे पूर्वी अशा गोळ्या परवडत नाहीत म्हणून कितीतरी जणींना केमो लागायची. जानेवारी २०२३ मध्ये पाल्बोसिक्लिब या त्याच जातीच्या गोळीचं पेटंट संपलं, आणि महिन्याचा खर्च लाखाच्या घरातून काही हजारांवर आला.

केमोची गरज पडतेच. लिव्हर किंवा फुप्फुसावर आजार झपाट्याने चढला, गोळ्यांना दाद देईनासा झाला, किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) असला की. तेव्हाही शक्यतो एका वेळी एकच औषध देतात. आणि केमो झेपायलाही हवी. चाचणीतल्या बायका तब्येतीने बऱ्या असतात. आमच्या खुर्चीवर शुगरवाल्या, हिमोग्लोबिन आठवर आलेल्या बसतात. डोस कमी होतो, आठवडा पुढे ढकलला जातो. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध घेणाऱ्या एक मावशी नवव्या डोसला म्हणाल्या, “सिस्टर, ब्लाउजचे हूक सूनच लावते आता.” बोटं बधिर झाली होती. हे त्यांनी तीन आठवडे कुणालाच सांगितलं नव्हतं, केमो बंद करतील या भीतीने. कळल्यावर डोस कमी केला.

फ्रान्समध्ये १८ कॅन्सर केंद्रांनी २००८पासूनच्या हजारो रुग्णांच्या नोंदी ठेवल्यात. त्यात ट्रिपल निगेटिव्हच्या निम्म्या बायका साधारण सव्वा वर्षापेक्षा जास्त जगल्या, आईंच्या प्रकारातल्या निम्म्या साडेतीन वर्षांपेक्षा जास्त. यातल्या बऱ्याच जणींच्या वेळी या नव्या गोळ्या नव्हत्याच. म्हणून हा आकडा आईंचा धरू नका.

काका ऑपरेशनचा आग्रह धरताहेत ना? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २००५ ते २०१३ मध्ये निदानाच्या वेळीच आजार पसरलेल्या ३५० बायकांवर नेमकं हेच तपासलं. स्तनाची गाठ काढून आयुष्य वाढलं नाही. गाठ फुटली, चिघळली, तर ती गोष्ट वेगळी.

पाल्बोसिक्लिब असेल तर २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी रक्ताचे काउंट चुकवू नका. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी फोन करा. आणि हाडं मजबूत ठेवण्यासाठीचं इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी आईंचे दात दाखवून घ्या. दात काढायचा असेल तर तो आधीच काढलेला बरा, नंतर जबड्याचं हाड भरून यायला फार त्रास होतो.