कारागृहातील साक्षरता वर्गाच्या अहवालात ‘कैदी’, ‘गुन्हेगार’ की ‘बंदी’ लिहावे? शब्दाने खरोखर फरक पडतो का?

पडतो. ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही, त्याला आपल्या अहवालात ‘गुन्हेगार’ म्हणणे हे सरळ असत्य आहे, आणि संस्थेचा हेतू चांगला असल्याने ते सत्य होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होती, म्हणजेच ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही आणि बरॅकीत ज्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात ती. आपल्या वर्गात बसणाऱ्यांपैकीही बहुतेक जण तेच असणार.

मी सोलापूरच्या सेटलमेंट भागात वाढलो, त्यामुळे हा प्रश्न मला केवळ शब्दांच्या निवडीचा वाटत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या बदलांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि आमच्या शहरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवले. माझे आजोबा त्या कुंपणातून गिरणीत कामाला जात आणि परतल्यावर हजेरी देत. सरकारच्या लेखी तोही सुधारणेचाच कार्यक्रम होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी ‘सेटलमेंटचा’ एवढे ऐकून खोली नाकारणारे घरमालक मी स्वतः पाहिले आहेत.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एका संस्थेतर्फे कारागृहात साक्षरतेचा वर्ग घेत असे. एका राष्ट्रीय सणाच्या कार्यक्रमासाठी संस्थेने मोठा फलक आणला होता : ‘चला, वाट चुकलेल्यांना माणसात आणूया’. पाहुणे यायचे होते, माणसे रांगेने बसवली होती, आणि माझ्या वर्गातला एक मध्यमवयीन गृहस्थ, जो नुकताच जोडाक्षरे वाचू लागला होता, समोर दिसेल ते वाचण्याच्या उत्साहात तो फलक अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचू लागला. शेजारच्या दोघांनी त्याला मदत केली. पूर्ण वाक्य लागल्यावर त्याने मला विचारले, “गुरुजी, मग आत्ता आम्ही कशात आहोत?” मी उठून फलक उतरवायला सांगितला. तो उतरला नाही. त्याच्याच पुढे भाषणे झाली, फळे वाटली गेली आणि छायाचित्रे निघाली. त्या गृहस्थाच्या खटल्यात तोपर्यंत एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता.

संस्थेच्या कार्यवाहांशी माझा त्यावरून झालेला वाद आजही मिटलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की देणगीदारांना हीच भाषा समजते, आणि फलकावर काय लिहिले आहे यापेक्षा वर्ग चालतो हे महत्त्वाचे. मला हे मुळीच मान्य नाही. ज्याला आपण अक्षर शिकवतो त्याच्यासाठी पहिले वाचन म्हणून आपण त्याचाच अपमान भिंतीवर लावत असू, तर त्या वर्गाने साधले काय? शिवाय ही भाषा फलकावर थांबत नाही. ‘यांना काय कळते’ असे गृहीत धरले की वही उशिरा आली तरी चालते, मुलाकातीच्या दिवशीच वर्ग ठेवला तरी चालते, आणि माणूस तक्रार करू लागला की ‘अजून सुधारला नाही’ असा शेरा मारता येतो.

नोंदवहीतील शब्दांना किती वजन असते, हे सर्वोच्च न्यायालयानेही ओळखले आहे. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींना, म्हणजे त्या जुन्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना, सरसकट ‘सराईत गुन्हेगार’ समजण्याच्या नियमांनाही आक्षेप घेतला. आमच्या वस्तीत तो निकाल अनेकांनी आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण काढत वाचला.

आपल्या अहवालासाठी एवढेच सांगतो : वर्गाविषयी लिहिताना ‘विद्यार्थी’ किंवा ‘शिकणारे’ लिहावे, कायदेशीर स्थिती सांगणे आवश्यकच असेल तेथे ‘न्यायाधीन बंदी’ अथवा ‘शिक्षाधीन बंदी’ लिहावे, गुन्ह्याचे कलम लिहूच नये, कारण बाराखडी शिकण्याशी त्याचा संबंध नाही. मसुदा छापण्यापूर्वी वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या कार्यवाहांनी हे एकदा जरी केले असते, तरी तो फलक तयारच झाला नसता.

हेही नमूद करायला हवे की प्रशासनाला नोंदीसाठी क्रमांक आणि वर्गवारी लागतेच, त्याला माझा विरोध नाही. नावाने आणि आदराने हाक मारणारे कर्मचारीही मी पाहिले आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्या कुटुंबांनी कोणते शब्द वापरावेत, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त मदतीसाठी आत जाणाऱ्यांविषयी बोलतो आहे.

छायाचित्रांविषयी आपण विचारलेले नाही, परंतु ओळखू येईल असा चेहरा अहवालात छापू नये. ‘मी तयार आहे’ असे तेथे कोणी म्हणाले, तरी नकार देण्याची मोकळीक त्याला कितपत होती हे आपल्याला कळत नाही, आणि निर्दोष सुटलेल्या माणसालाही तो फोटो पुढे नोकरी मागताना आडवा येतो.